तुझ्या उपाशी पेशी

वैजू,

परवा धारवाडला तुझी शोकसभा झाली आणि तिथं मला रडू यायच्या आधी राग आला. समोर टेबलावर तुझा फोटो होता. पांढरा कोट घातलेला, कशावर तरी मनापासून हसतेस असा. हा फोटो माझ्याकडं नाही. तसं हसताना मी तुला पुष्कळदा पाहिलंय, पण त्या कोटात कधीच नाही, आणि तिथं बसलेल्या प्रत्येकानं पाहिलं होतं. उठेल तो माइकवर जाऊन 'आमची वैजयंता' म्हणत होता. मी पहिल्या रांगेत, त्यांनी दिलेली शाल मांडीवर घेऊन बसलेलो. तुमची कधी झाली रे ही, असं सारखं ओठावर येत होतं.

मग तुझी एक विद्यार्थिनी बोलायला उभी राहिली. म्हणाली, मॅडमचा एक दाखला आम्ही जन्मात विसरणार नाही. काळी नदीवर राफ्टिंगला गेलेली माणसं पाण्यातून बाहेर येतात तेव्हा भुकेनं कासावीस झालेली असतात, ताटात पडेल ते खातात. त्या वेळी त्यांच्या ताटाकडं बघून, ही माणसं रोज घरी काय जेवतात, ते सांगता येईल का? उपाशी ठेवून मग उठवलेल्या पेशींचंही तसंच आहे. हॉलमधली माणसं डोळे पुसता पुसता हसली. माझ्या शेजारचा म्हणाला, असा दाखला वैजयंतालाच सुचावा.

तो दाखला माझा होता, वैजू. गणेशगुडीच्या आपल्या खानावळीत, आमटीची पळी हातात धरून मी तो तुला दिला होता, आणि तू तो तिथल्या तिथं धुडकावून लावला होतास. नंतरही जेव्हा जेव्हा मी तो काढला, तेव्हा तू नाक मुरडलंस. आणि इकडं वर्गात मुलांना तोच शिकवत होतीस! घरी मला खोटं पाडायचं आणि बाहेर माझ्याच मालावर वाहवा मिळवायची. मेलेल्या बायकोवर शोकसभेत चरफडणारा नवरा मी एकटाच असेन.

तू कशानं गेलीस, किती वर्षं नोकरी केलीस, कुठं शिकलीस, ते सगळं पेपरात आलंय. तेही माझ्याआधी तुझ्या प्रयोगशाळेनंच कळवलं होतं. मला ते सांगायचं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, ते मला पुरं करायचंय.

पुरुषाला सवत नसते म्हणतात. मला होती, आणि एक नव्हे, काचेच्या बश्यांतून लाखोंनी. लग्न ठरवताना रामनगरला तुझ्या बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं की मुलगी आठवडाभर धारवाडला असेल, उंदराच्या पेशींवर तिचं काम चालतं. मी म्हटलं, असू दे की, पेशी म्हणजे काय माणूस आहेत का! मला वाटलं ऑफिससारखं काहीतरी असेल, पाच वाजले की कुलूप. पुढं कळलं की पेशींना वेळेवर खायला लागतं, ऊब लागते, गर्दी झाली की दुसरी बशी लागते, आणि जरा कुठं जंतू शिरला की तुझा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा व्हायचा. तू आलीस की तुझ्या हातांना स्पिरिटचा वास यायचा. खानावळीत शिरल्या शिरल्या तू कढीपत्ता चुरगळून हातांना चोळायचीस, मला तो वास आवडत नाही म्हणून. तरी तो जायचा नाही.

शनिवारी धारवाडच्या बसनं तू उतरायचीस तेव्हा माझी नेमकी गर्दीची वेळ असायची. सुपा धरणाचं पाणी सोडलेलं, राफ्ट उतरलेल्या, आणि नदीवरून एकदम चाळीसेक माणसं अंगावर यायची. तू पिशवी कोपऱ्यात टाकून पदर खोचायचीस आणि भात वाढायला लागायचीस. आपल्याला बोलायला मिळायचं ते सगळी भांडी घासायला पडल्यावर. आणि तेव्हा तू कुणाबद्दल बोलायचीस? त्यांच्याबद्दल. नवऱ्याला आठवड्यात काय काय झालं, ते नंतर. आधी त्या किती वाढल्या, कशा दिसल्या. ऐकून माझ्या पोटात दुखायचं.

पण जळफळाटानं माणूस काय काय शिकतो बघ. मी बी.कॉम. झालेला, दांडेलीच्या कॉलेजात जेमतेम पास. तरी दुश्मनाची माहिती काढावी तशी मी तुझ्या पेशींची माहिती काढली. तुझी जुनी पुस्तकं दुपारी गल्ल्यावर बसून वाचली, अडेल तिथं तुलाच विचारलं. तुला वाटायचं, नवऱ्याला केवढी गोडी लागली! गोडी कसली, मला त्यांच्यात खोट काढायची होती.

तू शिकवायचीस छान, हे कबूल करतो. तू सांगितलंस की प्रत्येक पेशीत सगळीच्या सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी वापरात नसतात. लागेल त्या जनुकाची नक्कल उतरवून घ्यायची आणि कामाला लावायची, त्या उतरवून घेण्याला प्रतिलेखन म्हणायचं. एका पेशीच्या दोन होताना कुठल्या वेळी कुठल्या जनुकाची नक्कल उतरवायची हे कोण ठरवतं, एवढाच तुझा आयुष्यभराचा प्रश्न. मी म्हटलं, एवढाच? तर तू भांडं घासायचं थांबवून माझ्याकडं असं बघितलंस की मी पुढचं भांडं ओढून घासायला घेतलं.

मग तू आरबी सांगितलंस. आरबी नावाचं एक प्रथिन, त्याचं काम नाही म्हणायचं. ई-टू-एफ नावाचं दुसरं प्रथिन जनुकं सुरू करायला टपून बसलेलं असतं, आणि आरबी त्याला धरून ठेवतं. बाहेरून खायला मिळालं, वाढ असा निरोप आला, की आतली यंत्रणा आरबीवर फॉस्फेट चढवत जाते. तसतशी त्याची पकड ढिली होते, ई-टू-एफ सुटतं, आणि डीएनएची दुसरी प्रत करायला लागणारी जनुकं एकामागून एक सुरू होतात. त्यानंतर विभाजनाच्या जनुकांची वेगळी लाट. आणि प्रत्यक्ष दोन होण्याच्या वेळी गुणसूत्रं घट्ट गुंडाळली जातात, तेव्हा नक्कल उतरवणं जवळजवळ थांबतंच. दोन झाल्या की पुन्हा सुरू. "एवढी गडबड चाललेली असती, आणि नेमकं त्याच वेळी आत सगळं गप्प," असं म्हणताना तुझ्या चेहऱ्यावर जे यायचं, ते माझ्याकडं बघताना कधी आलं का, हे मी शोधत राहायचो.

आता उपासाचं. बशीत लाखो पेशी, पण प्रत्येकीची वेळ निराळी. एक प्रत काढतेय, एक दोन होतेय, एक नुसतीच बसलीय. सगळ्यांना एका ठिकाणी आणल्याशिवाय कुठल्या वेळी काय चालतं ते कळणार कसं? म्हणून तू त्यांना उपाशी ठेवायचीस. त्यांच्या पाण्यातलं सीरम काढून घ्यायचं. भुकेनं त्या सगळ्या एकाच जागी थांबतात, आरबीनं ई-टू-एफला घट्ट धरलेलं असतं. मग पुन्हा सीरम द्यायचं, की सगळ्या एकदम उठून चालायला लागतात, आणि थोड्या थोड्या वेळानं मूठभर काढून आत कुठली जनुकं सुरू आहेत ते बघायचं. ते सीरम वासराच्या रक्ताचं असतं हे तू अव्वाला कधी कळू दिलं नाहीस. मीही दिलं नाही. सासूपासून लपवलेली ही एकच गोष्ट आपल्या दोघांत होती, आणि मला ती फार आवडायची.

अव्वाला उपास तेवढा कळला होता आणि तो तिला मुळीच पसंत नव्हता. बाजारकुणंगकडची तिची माणसं, दारात आलेलं कुत्रंही उपाशी जाऊ द्यायची नाहीत. तू पानावर बसलीस की ती विचारायची, "आज तुझ्या त्या पेशी उपाशीच हाईत व्हय गं?" तू हो म्हणालीस की ती पानाच्या बाजूला त्यांच्या नावानं भाताचा एक घास काढून ठेवायची आणि मगच तुला जेवू द्यायची. तो घास मागच्या दारी कावळ्याला जायचा. उंदराच्या पेशींच्या नावानं आपल्या घरात घास निघत होता आणि मी समोर बसून ते बघत होतो. आपल्याला मूल नाही याचं गावाला जेवढं वाईट वाटायचं तेवढं आपल्याला कधी वाटलं नाही, पण त्या घासाकडं बघून मात्र मला वाटायचं की हिची लेकरं आहेत, ती धारवाडला आहेत आणि मी त्यांचा कुणी नाही.

अशाच एका शनिवारी मला ती खोट सापडली. नदीवरची माणसं नुकतीच जेवून गेली होती. एक बारीकसा मुंबईचा माणूस चार वाट्या आमटी प्यायला होता. मला एकदम सुचलं आणि मी पळी घेऊनच तुझ्याकडं आलो. म्हटलं, हा घरी चार वाट्या आमटी पीत असेल का? तू उपाशी ठेवून उठवतेस, आणि त्या उठल्यावर जे करतात त्याला त्यांचं रोजचं वागणं म्हणतेस. ते भुकेचं वागणं आहे, चक्राचं नव्हे. न अडवलेली पेशी एकदा दोन झाली की पुन्हा दोन होते, तेव्हा ती मधे असं करते हे कशावरून?

मला वाटलं तू चाट पडशील. तू शांतपणे म्हणालीस, "हेगडे सरांनी मला हे कवाच सांगितलंय."

माझी शंकासुद्धा दुसऱ्याची उष्टी निघाली. तुला आता सांगायला हरकत नाही, त्या दिवसापासून पेशी माझ्या मनात दुसऱ्या नंबरावर गेल्या आणि हेगडे पहिल्या. हेगडे सर म्हणाले, हेगडे सरांना वाटतं. शिरसीकडचा, तुझ्याच विभागातला, तुझ्याहून वरचा, एवढंच मला माहीत. बाकीचं मी मनानं भरलं: उंच, कुरळ्या केसांचा, इंग्रजी झाडणारा. तुला प्रयोगशाळेत भेटायला मी कधी आलो नाही त्याचं कारण तू मला विचारलंस तेव्हा मी धंद्याचं निमित्त सांगितलं. खरं कारण हेगडे होता.

पण शंका त्याची असली तरी भांडण माझं होतं. दर शनिवारी मी ते उकरून काढायचो. तू म्हणायचीस, भुकेतून उठतानाही आरबीची पकड तशीच सुटते, ई-टू-एफ तसंच मोकळं होतं, मूळ गोष्ट बदलत नाही. मी म्हणायचो, पण पहिल्या काही तासांत जी जनुकं उठतात ती जागं होण्याची आहेत, ती तू चक्राच्या खात्यात कशी घालतेस? तू म्हणायचीस, ती वेगळी काढता येतात. मी म्हणायचो, सगळी? अव्वा म्हणायची, जेवताना तरी सोडा. हेगडेनं सांगितलेला दुसरा मार्गही मला तुझ्याकडूनच कळला होता, फ्लास्कला टिचक्या मारून दोन होणाऱ्या पेशी सोडवून घ्यायच्या, उपास नाही की औषध नाही. तो का करत नाहीस, असं मी विचारलं की तू चिडायचीस. एवढी हुशार बाई एवढ्या साध्या गोष्टीवर अडून बसते, याचं मला नवल वाटायचं. आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं. निदान एका ठिकाणी तू चुकत होतीस आणि मी बरोबर होतो.

मग एक दिवस तू येऊन म्हणालीस की पद्धत बदलतेय. तुझा निबंध तपासणाऱ्यांनी तेच विचारलं होतं, उपास न घालता दाखवा म्हणून. "तुमी आनि हेगडे सर, दोघं जिंकलासा," असं म्हणून तू मान खाली घालून जेवत राहिलीस. मी खूश होऊन तुझ्या ताटात तळलेल्या माशाची आणखी एक तुकडी घातली. तू ती तशीच ठेवलीस. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटलं असेल.

त्यानंतर तुझं येणं कमी झालं. दोन शनिवार गेले की एक, मग महिन्यातून एक, मग सणाला. आलीस तरी दुसऱ्या दिवशी पहाटेची बस. मला वाटायचं तेच झालं, मी म्हटलं. आता त्यांनी हिला पुरती ओढून घेतली. तुझी-माझी शेवटची मोठी जुंपली ती यावरच. मी म्हणालो, पेशी तुला सोडत नाहीत की तू त्यांना सोडत नाहीस, एकदा सांगून टाक. तू पिशवी भरत होतीस. म्हणालीस, "तुमास्नी पायजे व्हतं तसंच चाललंय की." मला त्याचा अर्थ लागला नाही. टोमणा आहे एवढं कळलं, मग मीही चार टोमणे मारले आणि बस आली. त्याच्यापुढं आजारपण सुरू झालं, आणि आजारपणात असलं भांडण कोण काढतं.

परवा सभा संपल्यावर एक म्हातारासा माणूस जवळ आला. टक्कल, कानाला यंत्र, खांद्याला कापडी पिशवी आणि तीत ताकाची बाटली. म्हणाला, मी हेगडे. वैजू, इतकी वर्षं मी या माणसावर जळलो! मला हसूच आलं, आणि ते त्यांना रडण्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी माझा हात धरला आणि तुझ्या खोलीत घेऊन गेले.

त्यांनी उबेच्या पेटीतून एक बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला बघायला लावलं. तू गेलीस आणि त्या तिथं धडधाकट होत्या. लांबट, काचेसारख्या आरपार, एकमेकींना टेकून पडलेल्या. मधे एक गोल होऊन वर आलेली. हेगडे कन्नडात म्हणाले, ही आता दोन होणार, आत जवळजवळ सगळं गप्प असेल. मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. मी बराच वेळ बघत राहिलो. तू रोज हे बघत होतीस एवढंच डोक्यात येत होतं.

मग ते फ्लास्कची टिचकी कशी मारायची ते दाखवायला लागले. दोन होणारी पेशी तळ सोडून गोल होते, तिची पकड सैल असते, टिचकी मारली की तेवढ्याच सुटून पाण्यात येतात. पण एका वेळी येतात अगदी मूठभर. म्हणून पुन्हा टिचकी, पुन्हा थांबायचं, पुन्हा टिचकी, आणि मग त्या नव्या बशीत घालून पुढचे सगळे तास बघत बसायचं. एका खेपेनं भागत नाही. तुझे शनिवार-रविवार त्यातच जायचे, असं ते म्हणाले. मी विचारलं, आणि आधीच्या पद्धतीत? उत्तर मला माहीत असायला पाहिजे होतं. इतकी पुस्तकं मी वाचली होती.

हेगडे म्हणाले, त्यात काय, शुक्रवारी संध्याकाळी सीरम काढलं की सोमवारी सकाळपर्यंत कुणी बघायची गरज नाही. नुसत्या उपाशी पडून असतात. मग म्हणाले, "मी तिला पुष्कळदा सांगितलं होतं, ही पद्धत सोड. एकदा ती चिडली. म्हणाली, सर, त्या उपाशी असतात तेव्हाच मला घरी जेवायला जाता येतं. हे कारण निबंधात लिहिता येत नाही, म्हणून तुम्हाला दुसरी कारणं देते."

त्यांनी ताकाची बाटली माझ्यापुढं केली. मी ती घेतली आणि नुसती धरून बसलो.

म्हणजे तुला सगळं पटलेलं होतं. मुलांना माझ्याच शब्दांत शिकवत होतीस एवढं पटलेलं होतं. तुला तेवढं कबूल करायचं नव्हतं, कारण माझ्यापुढं एकदा कबूल केलंस की पद्धत बदलायची, आणि पद्धत बदलली की घर सुटायचं. बाहेर लोक तुझ्या कामावर बोट ठेवत होते आणि तू ते ऐकून घेत होतीस. आणि त्या वाचवलेल्या शनिवारी बसमधून उतरून, चाळीस माणसांना वाढून, दमून पानावर बसलीस की समोरून मी तेच काढत होतो. मला वाटायचं मी पेशींशी भांडतोय.

हे हेगडेंना माहीत होतं आणि मला नव्हतं, याचाही मला आता हेवा वाटतो. तो काही जायचा नाही, माझा स्वभावच तसा आहे आणि तो तुला ठाऊक होता. पण गणेशगुडीला परत येताना बसमध्ये मी ते सगळे शनिवार एकेक करून आठवत होतो, आणि ते तू मला कुणाच्या तोंडचे काढून दिलेस ते आता कळत होतं. मला काही मिळालं नाही असं मी तुला कितीदा ऐकवलं. तुझ्याकडून जेवढं मिळालं तेवढं कुणाला मिळालं नसेल.

फक्त एक सांगतो आणि थांबतो. तू भांडण्यात माझ्यापेक्षा किती तरी तरबेज होतीस, वैजू. मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट तुला आधीच माहीत असायची, खोटंनाटं काहीही सांगून माझं तोंड बंद करता आलं असतं. त्या एका वादात तू मला हरवायला हवं होतंस.